प्रत ठेवायची का?

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे. ईमेलला ती आजही नाही. ईमेलच्या पत्त्यात ‘अ‍ॅट’च्या खुणेच्या डावीकडे आपण असतो आणि उजवीकडे घरमालक, घर सोडलं की पत्ता गेला. केंद्र सरकारने अलीकडे सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांचं ईमेल झोहोच्या यंत्रणेवर नेलं, पण पत्त्यांच्या शेवटचं ‘एनआयसी डॉट इन’ आणि ‘गव्ह डॉट इन’ जागच्या जागी राहिलं, कारण तो उजवीकडचा भाग सरकारच्याच मालकीचा. आपल्याला असं थाटाचं स्थलांतर कुठलं? आपण भाडेकरू, त्यातही फुकटचे.

माझं जुनं खातं 2001 सालचं. बदलापूर स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत, प्लायवुडच्या खुराड्यात बसून उघडलेलं. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही. तेव्हा मराठी घरांत दोन-तीनच नावं चालायची, त्यातलं एक. अलीकडे त्यात जाहिरातींच्या गर्दीतून पत्र हुडकून काढावं लागायचं, आणि पासवर्ड विसरला की विचारायचं कुणाला, हेही कळायचं नाही. मुलगी म्हणाली, “आई, नवीन उघड आणि हे सोडून दे.”

नवीन खातं चहा उकळेपर्यंत उघडून होतं. त्यानंतर प्रॉव्हिडंट फंड, एलआयसी, बँक, इन्कम टॅक्स, रेल्वेचं रिझर्वेशन, गॅस, जिथं जिथं जुना पत्ता दिला होता तिथं तिथं जाऊन तो बदलायचा, आणि बदलायला लागणारा ओटीपी जुन्याच पत्त्यावर येणार. मी उल्हासनगरात एका जीन्सच्या कारखान्याचे हिशेब बघते. याद्या करणं आणि टिका मारणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग, तेव्हा ते काम झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. प्रश्न होता जुन्या पत्रांचा.

ती न्यायचे दोन रस्ते आहेत. पहिला पीओपीचा, 1984 पासूनचा. त्याला फक्त इनबॉक्स कळतो. आपण पाठवलेली पत्रं, आपण केलेले कप्पे, काय वाचलं नि काय नाही, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. दुसरा आयमॅपचा, स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिनने 1986 साली आखलेला. त्याला हे सगळं कळतं. मध्ये थंडरबर्डसारखा एखादा प्रोग्रॅम बसवला की डावीकडे जुनं खातं, उजवीकडे नवं, आणि माउसने इकडून ओढून तिकडे सोडायचं. ओढणं क्षणाचं, पत्रं पोचायला रात्र जाते. मी इनबॉक्स पहिल्या रस्त्याने आणला, कारण ती सोय नव्या खात्यातच होती आणि बटण समोर दिसत होतं. सकाळी ते सुरू करून मी गाडी पकडली.

अंबरनाथ गेलं आणि पर्समध्ये फोन थरथरायला लागला. थांबेचना. शेजारची बाई म्हणाली, “घ्या ना, अर्जंट असेल.” काढून बघते तर मस्कतहून दादाचं पत्र, रोमन लिपीतल्या मराठीत: फोन लागत नाहीये, मेल बघशील तेव्हा एक ओळ टाक. त्याखाली दुसरं: टीव्हीवर कल्याणच्या पुढचं काहीच दाखवत नाहीत, बाबांना वरच्या मजल्यावर नेलंत का? तिसरं: कुणाचाही नंबर दे, शेजारचा, दुकानाचा, कुणाचाही. चौथ्यात मजकूर नाही, नुसता विषय: कळव.

दादा त्या सकाळी ठणठणीत होता आणि मस्कत केव्हाच सोडून पुण्यात राहायला आला होता. पत्रं जुलै 2005 ची होती. 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. पण त्या रात्री उल्हास नदी बदलापुरात घरांत शिरली, ते मुंबईच्या बातम्यांत उशिरा आलं. वीज नाही, फोन नाही, गाड्या नाहीत. मी दादाची पत्रं वाचली ती कॅफे पुन्हा सुरू झाल्यावर, सगळी एकदम, आणि सगळ्यांना मिळून एकच उत्तर टाकलं. तेव्हा ती वाचताना सुटल्यासारखं झालं होतं, कारण आम्ही सगळे जिवंत होतो आणि पत्रं शिळी होती. पीओपीच्या लेखी मात्र ती न वाचलेली. नव्या खात्याने प्रत्येकावर ठळक अक्षरं चढवली आणि फोनला सांगितलं, बाईंना उठव. विठ्ठलवाडी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की मला उल्हासनगरला उतरायचं होतं.

त्या पुरात आमच्या घरातल्या कागदी पत्रांचं काय झालं ते सांगते. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा परवडलं म्हणून बदलापूर पश्चिमेला तळमजला घेतला. पलंगाखाली पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत आजोळची पत्रं, बाबांनी नोकरीच्या सुरुवातीला आईला लिहिलेली पत्रं, निळी आंतर्देशीय. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर एक निळा लगदा. आईने तो गच्चीवर नेला, ब्लेडने एकेक पापुद्रा सोडवला आणि दोरीवर चिमट्यांनी टांगला. बॉलपेनने लिहिलेलं राहिलं होतं. शाईच्या पेनाने लिहिलेलं गेलं होतं. बाबा आयुष्यभर शाईचं पेन वापरणारे, त्यामुळे बाबांची पत्रं म्हणजे आता निळसर डाग पडलेले कोरे कागद. आणि एका मामाने, ज्याचं कुणाशीच पटत नव्हतं, बॉलपेनने लिहिलेल्या पैशाच्या मागण्या मात्र खणखणीत वाचता येतात.

तेव्हा मला ईमेलचा अभिमान वाटला होता. आपली पत्रं कुठल्या तरी लांबच्या कोरड्या खोलीत आहेत, त्यांना पाणी लागत नाही! पुढे कळलं, त्या खोल्याही बंद होतात. याहूने जिओसिटीज 2009 मध्ये मिटवलं, इंडियाटाइम्सने आपली ईमेल सेवा 2013 मध्ये थांबवली, याहू ग्रुप्स 2020 च्या डिसेंबरात संपले. पूर नोटीस देत नाही. या कंपन्या देतात, पण ती बहुधा स्पॅममध्ये पडते. आणि गूगल तर 2023 च्या अखेरीपासून दोन वर्षं कुणी न फिरकलेली खाती काढून टाकतं.

पण मला सांगायचंय ते पुराबद्दल नाही. पत्रं नव्या घरी पोचल्यावर तारखेनुसार लावली, आणि एक विचित्र गोष्ट दिसली. 2001 ते 2004 मधली मी आणि दादा म्हणजे आदर्श बहीणभाऊ. वाढदिवसाच्या शुभेच्छा, भाचीच्या जन्माची बातमी, बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झाल्याचं पत्र, ‘काळजी घे’, ‘तू पण घे’. 2004 नंतर मात्र तेच दोघे भांडताहेत. फ्लॅटच्या पैशांवरून, आईला मस्कतला न्यायचं की नाही यावरून, गणपतीला कोण आलं नाही यावरून. असं काय झालं 2004 मध्ये?

घरात काही झालं नव्हतं. 1 एप्रिल 2004 ला जीमेल आलं. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी 4 जुलै 1996 ला हॉटमेल सुरू केलं तेव्हा माणशी जागा होती 2 एमबी, आणि बाकीच्यांकडेही पुढची काही वर्षं हात आखडताच होता. ईमेलमधून फोटो जातो तो अक्षरांच्या रूपात भाषांतरित होऊन, त्यात तो एकतृतीयांशाने फुगतो. भाचीच्या बारशाचे दोन-तीन फोटो आले की डबा भरला. भरला की नवीन पत्र आत येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातं. म्हणून आठवड्याला एकदा कॅफेत बसून, घड्याळाकडे बघत, झाडलोट करावी लागायची: हे ठेवू, हे काढू. जीमेलने एकदम 1 जीबी दिली. तारीख एक एप्रिल, त्यामुळे पुष्कळांना ती थट्टाच वाटली. थट्टा नव्हती. बाकीच्या कंपन्यांनाही मर्यादा वाढवणं भाग पडलं, त्यांत माझीही आली. आणि मी झाडणं सोडून दिलं.

म्हणजे 2004 आधीही आम्ही भांडतच होतो. भांडणाची पत्रं मी पुसत होते, एवढंच. कुणी सांगितलं नव्हतं. जागा कमी, तेव्हा चांगलं तेवढं ठेवावं, इतका साधा विचार. दादाने 2002 साली चिडून लिहिलेलं एक लांबलचक पत्र मला अजून आठवतं, त्यातलं एक वाक्य बोचलं होतं आणि ते बरोबरही होतं. ते पत्र नाही. त्या आठवड्यात ठेवलंय ते एका चुलत बहिणीने दहाजणांना मिळून पाठवलेलं दिवाळीचं हलणाऱ्या पणतीचं कार्ड.

आणि माझी उत्तरं? तीही नाहीत. त्या काळी पत्र पाठवायच्या बटणाशेजारी एक लहानसा चौकोन असायचा, पाठवलेल्या पत्राची प्रत ठेवायची का, म्हणून. टिचकी मारली नाही तर प्रत राहायची नाही. प्रत म्हणजे पुन्हा जागा, म्हणून मी ती कधी मारली नाही. शिवाय मनातून वाटायचं, आपलंच पत्र आपल्याकडे कशाला? पोस्टाच्या पेटीत टाकलेलं पत्र कुणी जवळ ठेवतं का? पत्र ज्याला लिहिलं त्याचं, ही जुनी समजूत इतकी मुरलेली की नव्या यंत्राने दुसरी वाट दाखवली तरी पाय तिकडे वळले नाहीत. त्या तीन वर्षांत दादा काय म्हणाला ते थोडंफार आहे. मी काय म्हणाले ते कुठेच नाही. 2004 नंतर प्रती आपोआप राहायला लागल्या, तेव्हा कुठे मी माझ्या पत्रव्यवहारात दिसायला लागते. आणि दिसते ती बरीचशी टोचून बोलणारी, ‘मी काही म्हणत नाही, पण’ने वाक्य सुरू करणारी बाई.

मुलीचं मत, निवडून न्यावं. फुकटची 15 जीबी, त्यातच फोटो, त्यातच कागदपत्रं. कशाला भरायची ती बँकेच्या स्टेटमेंटांनी आणि साड्यांच्या सेलने? हिशेबाच्या दृष्टीने तिचं खरं आहे. पण मी निवडलं नाही. एकदा निवडलं होतं, त्याचं काय झालं ते समोर दिसत होतं. सेलच्या जाहिराती गेल्या असत्या तर फार बिघडलं नसतं, हे कबूल. पण एका बाजूने झाडायला लागलं की हात कुठे थांबेल त्याचा भरवसा मला नाही. रेल्वेच्या तिकिटांचीच गोष्ट घ्या. कल्याण ते सोलापूर, कल्याण ते सोलापूर, अशी एका वर्षातली तिकिटं ओळीने पडलीत. ते सासूबाईंच्या आजारपणाचं वर्ष. त्या वर्षात मी कुणालाही धड पत्र लिहिलेलं नाही. तिकिटं काढून टाकली असती तर मी ते वर्ष घरी आरामात काढलं असं वाटलं असतं.

आमच्या शेठना मी हे सगळं जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. ते काही न बोलता उठले आणि कपाटातून एक बिस्किटांचा डबा घेऊन आले. शेठ कॅम्पातले, आजोबा शिकारपूरहून आलेले. फाळणीनंतर निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवलं आणि 8 ऑगस्ट 1949 ला त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं, हे इथं शाळेतली पोरंही सांगतात. डब्यात आजोबांना सिंधमधून आलेली पत्रं होती, पत्त्यात बराकीचा आणि खोलीचा नंबर. शेठ दिवसभर फोनवर सिंधीत बोलतात, भाव करतात, शिव्या घालतात. पण पत्रं अरबी वळणाच्या सिंधी लिपीत, ती 52 अक्षरांची लिपी इंग्रजांनी 1853 मध्ये ठरवून दिलेली, आणि शेठ शिकले इंग्रजी माध्यमात. सिंधी भाषा 1967 मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. शेठच्या घरातली लिपी त्याच सुमारास आजोबांपाशी थांबली. “मॅडम, कागज सब आ गया,” ते म्हणाले, “पढनेवाला वहीं रह गया.” कॅम्पात एक म्हातारे मास्तर होते, त्यांनी काही पत्रं वाचून दाखवली. एकात नुसती आंब्यांची चौकशी होती. मास्तर गेल्यावर डबा पुन्हा कपाटात.

मला हसू आलं, कारण आदल्याच रात्री माझ्याही पुढ्यात तसंच पत्र आलं होतं. आईला रोमन लिपीतलं मराठी वाचता यायचं नाही, म्हणून दादा तिला शिवाजी फॉन्टमध्ये लिहायचा. स्टेशनजवळच्या त्या कॅफेत तो फॉन्ट एकाच मशिनवर होता, कोपऱ्यातल्या. ते रिकामं होईपर्यंत आई पर्स मांडीवर घेऊन बाकावर थांबायची. असले जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटे. पत्रात साठतं ते इंग्रजीच, फॉन्ट असेल तर डोळ्यांना मराठी दिसतं. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती, पण बदलापूरच्या कॅफेपर्यंत ती यायला वेळ लागला. आता फॉन्ट नाही, त्यामुळे आईच्या पत्रांत डॉलरची चिन्हं, कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरं नुसती कालवलेली. मुलीने इंटरनेटवर एक कन्व्हर्टर शोधून त्यातून ती काढली. नव्वद टक्के जमलं. रफार मात्र सगळीकडे एक घर पुढे सरकले. ‘आई, तुझा आशीवार्द असू दे.’ मुलगी म्हणाली, दुरुस्त करू का? नको म्हटलं. हलवाहलवीत पोचा आलेलं भांडं आपण फेकत नाही.

असाच दुसरा एक पोचा मला फार आवडला. सावधगिरी म्हणून सगळ्या पत्रांची एक प्रत मी घरच्या कॉम्प्युटरवर काढली, एमबॉक्स नावाच्या फाइलींत. युनिक्सच्या काळातली ही पद्धत: हजारो पत्रं एकाच लांब फाइलीत एकाखाली एक, आणि नवं पत्र सुरू झालं हे ओळखायची खूण म्हणजे ओळीच्या सुरुवातीला ‘फ्रॉम’ हा इंग्रजी शब्द. मग कुणी पत्राच्या मजकुरातच ‘फ्रॉम’ने ओळ सुरू केली तर? यंत्र गोंधळू नये म्हणून त्या ओळीआधी एक बाणासारखी खूण घातली जाते, आणि जुन्या पद्धतीत ती पुढे तशीच राहते. आमच्या चुलतभावाचा अमेरिकेत वाढलेला मुलगा पहिल्यांदा एकटा येणार होता, त्याला मी इंग्रजीत रस्ता कळवला होता. ते पत्र आता असं दिसतं:

> फ्रॉम कल्याण डू नॉट टेक कसारा ट्रेन.

सबंध पत्रात त्या एकाच ओळीसमोर बाण. पोरगं त्याच ओळीकडे दुर्लक्ष करून कसाऱ्याच्या गाडीत बसलं होतं आणि टिटवाळ्याहून परत फिरलं होतं. तेव्हा बाण नव्हता.

तसं पाहिलं तर आमच्या भागात लिहिलं त्याच जागी राहिलेला मजकूर एकच, अंबरनाथच्या शिवमंदिरातला शके 982 चा शिलालेख. तो कुणी कुठे हलवला नाही. पण तोही वाचायला पंडित लागले, देवळात रोज जाणाऱ्यांपैकी कुणाला तो वाचता येत नव्हता. तेव्हा न हलवण्यानेही फार साधतं असं नाही.

पाठवलेली पत्रं शेवटी आयमॅपने आणली, रात्री लावून झोपले. सकाळी दादाला फोन केला. त्याचं मस्कतच्या वेळचं खातं असंच एक बंद पडलेलं. माझी 2001 ते 2004 ची उत्तरं असलीच तर तिथं होती, म्हणून विचारलं, काही उतरवून ठेवलं होतंस का? नव्हतं. त्याला नोटीस आल्याचंही आठवत नव्हतं. मग तोच म्हणाला, “म्हणजे माझीही पत्रं आता तुझ्याकडेच. पाठव की.”

“सगळी?”

“सगळी कशाला? पुराच्या वेळची. आणि आईची ती.”

“निवडून नाही मिळणार,” मी म्हटलं. “भांडणाची पण घ्यावी लागतील. फ्लॅटची, गणपतीची, सगळी. गठ्ठा आहे.”

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, पाठव. मी एमबॉक्सची फाइल पेनड्राइव्हवर घालून पुण्याला जाणाऱ्या भाचीबरोबर दिली. आता रोज रात्री त्याचा फोन येतो, की ही फाइल उघडते कशात. थंडरबर्ड घे म्हटलं, तर घेतलं. आता म्हणतो, उघडली, पण 2004 च्या आधी तू काहीच लिहिलेलं दिसत नाही, आणि नंतर किती लिहिलंयस.